मर्खाचा धूर

दोन लाकडं एकमेकांवर घासली की आग लागते, असं शाळेच्या पुस्तकात ज्या कुणी लिहिलं त्याला मला एकदा आखातातल्या सीबच्या आमच्या अंगणात आणून बसवायचं आहे. ऑगस्ट महिना असावा, समुद्रावरून ओल्या फडक्यासारखी हवा येत असावी, आणि त्याच्या हातात दोन लाकडं द्यावीत. घासा म्हणावं. मी स्वतः चोवीस वर्षं मुलींना हा धडा शिकवला. धडा कसला, एक ओळ: 'आदिमानवाने लाकडावर लाकूड घासून अग्नी निर्माण केला.' बाई, किती वेळ घासलं, असं एकीनेही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तिला बाकावर उभी केली असती, इतका माझा त्या ओळीवर विश्वास.

तो उडाला त्याला आता अकरा वर्षं झाली. ती दोन लाकडं अजून माझ्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागे आहेत. कधी एखाद्या दुपारी मी ती काढते, काडी फळीवर उभी धरते, तळहातांत फिरवत वरून खाली येते आणि परत ठेवून देते. सुनेला वाटतं म्हातारी व्यायाम करते.

आमच्या घरी गॅस आला तेव्हा सगळ्या गल्लीच्या आधी आला होता, हे मला आधी सांगून ठेवलं पाहिजे, नाहीतर लोकांना वाटेल आम्ही गुहेत राहत होतो. गॅस होता, विजेची शेगडी होती. पण आमचे हे, खल्फान, रोज दुपारच्या नमाजानंतर अंगणात चटई टाकून बसायचे आणि दोन लाकडांवर आग करून त्यावर कॉफी करायचे. समोर त्यांची थोरली बहीण शम्सा, म्हणजे माझ्या वन्सं. यांची आई लवकर गेली, तेव्हा वाळूतल्या तंबूत या भावाला वन्संनीच वाढवलं. पुढे त्यांना मूलबाळ झालं नाही, नवरा गेला, साखरेने डोळे गेले, आणि त्या आमच्याकडे आल्या. तो दुपारचा तास त्या दोघांचा. मी आत बिया भाजत असायची. धूर निघाला की मला हाक यायची, 'रहमा, दल्ला आण.' मी कॉफीचं भांडं नेऊन द्यायची आणि परत यायची. तीस वर्षं मी ती आग पेटल्यावरच पाहिली. पेटताना कधी पाहिली नाही. खोटं कशाला सांगू, मला त्या तासाचा थोडा मत्सरच वाटायचा.

हे जूनमध्ये गेले, झोपेत. वन्सं तेव्हा खजुराच्या हंगामासाठी बिदियाला पुतणीकडे होत्या. त्यांचं हृदय म्हणजे जुन्या कागदासारखं झालंय, धक्का देऊ नका, असं डॉक्टरांनी वर्षभरापूर्वीच बजावलं होतं. माझा मुलगा नबहान सरकारी कचेरीत हाताखाली चार माणसं बाळगून आहे, त्यामुळे निर्णय घ्यायची त्याला सवय. त्याने ठरवलं, आत्याला इतक्यात सांगायचं नाही. बाबा गुडघ्यासाठी मुंबईला गेलेत असं सांगायचं. आमच्याकडे अर्धं गाव गुडघ्यासाठी मुंबईला जातं, त्यामुळे खोटं अंगाला अगदी बेतून शिवल्यासारखं बसलं.

पण गुडघ्याला लागून लागून किती दिवस लागणार? महिना झाला तसा नबहानने दुसरा गुडघा काढला. मग खुबा. मग खांदा. मुंबईचे डॉक्टर म्हणे एक दुरुस्त करतात तोवर दुसरं निघतं. तिसऱ्या महिन्यापर्यंत माझ्या नवऱ्याच्या अंगात धड असा एकही सांधा उरला नव्हता. मी पलीकडच्या खोलीत बसून हे ऐकायची. जो माणूस मातीत शांत झोपलाय, त्याची रोज नवी हाडं मोडताना ऐकणं बायकोला किती जड जातं, ते मी कुणाला सांगणार होते? रडायचं तेही उशीत तोंड घालून, कारण वन्संचे कान तीक्ष्ण.

माझी इद्दत चालू होती. नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, दागिना नाही, काजळ नाही, अत्तर नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. मी सगळं नीट पाळत होते. बांगड्या डब्यात आणि अत्तराच्या बाटल्या सुनेच्या, असीलाच्या, कपाटात कुलपात गेल्या. वन्संना दिसत नाही, म्हणजे माझे साधे कपडे दिसणार नाहीत, असा आमचा हिशेब.

विसाव्या दिवशी वन्सं बिदियाहून परत आल्या. मी दारात त्यांना मिठी मारली. त्यांनी जरा जास्तच वेळ धरून ठेवलं, मला वाटलं प्रवासाचा थकवा. असीलाने कॉफी दिली. वन्संनी एक घोट घेतला आणि कप हलवला. आमच्यात कप हलवला की पुरे. हलवेपर्यंत यजमान ओतत राहतो. माझ्या उभ्या आयुष्यात वन्संनी तिसऱ्या कपाच्या आत कप हलवलेला मी पाहिला नव्हता.

"ही गॅसची आहे," त्या म्हणाल्या. "मला विस्तवाची हवी."

त्या दिवसापासून त्यांनी कॉफी सोडली. कॉफी नाही म्हणून खजूर नाही. खजूर नाही म्हणून जेवणाला रुची नाही. दोन घास भात आणि घोटभर ताक. महिनाभरात त्यांच्या हातातून पेला निसटायला लागला. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर इस्पितळात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. वन्सं म्हणाल्या, नळीतून कॉफी येते का?

असीलाने दुकानातला कोळसा पेटवून त्यावर कॉफी केली. वन्संनी वास घेतला आणि कप परत केला: हा पिशवीतला कोळसा. मग तिने अंगणात काटक्या रचून काडेपेटीने पेटवल्या. वन्सं खोलीतूनच म्हणाल्या, काडेपेटीचं गंधक आलं. त्या नाकाला फसवणं शक्य नव्हतं. लाकडावर लाकूड घासून केलेली आगच हवी होती, आणि ती करणारा तर मुंबईत सांधे मोजत पडलेला. म्हणून मी ठरवलं, मीच करणार. शिकलेली बाई आहे, पुस्तकात एक ओळ आहे, कितीसं अवघड असणार?

पहिली अडचण अशी की यांची लाकडं घरात नव्हती. ती कुठे गेली याचाही शोध लागला. यांच्या तिसऱ्या दिवशी अंगणात भाताची मोठी पातेली चढली होती. कुणा मदतीच्या माणसाने पेटवायला काटक्या शोधल्या, कोनाड्यात दोन छान सुकी लाकडं दिसली, त्याने घातली चुलीत. तीस वर्षं ज्यांनी आग दिली ती त्यांच्याच शोकाच्या भाताखाली जळून गेली. भात चांगला झाला होता, असं सगळे म्हणत होते.

नवी लाकडं म्हणजे मर्ख. आमच्या वाळूत उगवणारं बिनपानांचं, झाडूसारखं झुडूप. पूर्वी माणूस जाऊन तोडून आणायचा. आता रानातल्या झाडाला हात लावायला परवाना लागतो. नबहान अर्ज घेऊन आला. अर्जात कारणाच्या चारच चौकटी होत्या: चारा, औषध, बांधकाम, संशोधन. 'आत्याची कॉफी' अशी चौकट नव्हती. शेजारी काय म्हणतात बघावं म्हणून त्याने बीबी झुलेखाला विचारलं.

बीबी झुलेखा आमच्या भिंतीपलीकडची. जन्म झांजिबारचा, त्यामुळे जगात जे काही होतं ते तिथे अधिक चांगलं होत असे. तिचा नवरा नासिर अग्निशमन दलातून निवृत्त झालेला. मला इद्दतमध्ये त्याच्यासमोर येता येत नव्हतं, म्हणून तो भिंतीमागे खुर्चीवर बसून सांगायचा आणि ती भिंतीवरून मान काढून माझ्यापर्यंत पोचवायची, वाटेत स्वतःचं थोडं घालून. औषध लिहा, असं बीबीचं मत पडलं. चारा लिहिला तर बकरी दाखवावी लागेल, असं नासिरचं. शेवटी नबहानने 'संशोधन'वर खूण केली, आणि तिथून आमच्या घराची शोभा व्हायला सुरुवात झाली.

आठवड्याने दोन अधिकारी संशोधनाची पाहणी करायला आले. मी दाराआड, ते बैठकीत. तरुण अधिकाऱ्याने विचारलं, संशोधक कोण? नबहान म्हणाला, आई. विषय काय? मी दाराआडून म्हटलं, घर्षण. संस्था कोणती? मी म्हटलं, घरच. त्याने ते लिहून घेतलं, मला पेनाचा आवाज आला. मग प्राथमिक अहवाल तीन प्रतींत मागितला. आयुष्यभर मी मुलींच्या वह्या तपासल्या, आणि सहासष्टाव्या वर्षी माझ्यावर गृहपाठ आला.

दुसरा अधिकारी म्हातारा होता, इतका वेळ गप्प होता. निघताना तो दाराजवळ थांबला.

"बाई, वरची काडी कशाची घेणार?"

"मर्खाचीच. दोन्ही मर्खाचीच."

"नको. खालची फळी मर्खाची, वरची काडी अफारच्या झुडपाची. माझी आई..." मग तो तरुणाला म्हणाला, "शिक्का मार रे. अहवाल नंतर बघू."

परवान्यावर लिहून आलं: प्रत्येकी एक फांदी, लांबी कोपरापासून मनगटापर्यंत. कुणाच्या कोपरापासून ते लिहिलं नव्हतं, म्हणून नबहानने घरातल्या सगळ्यात उंच माणसाचं, स्वतःचंच, कोपर धरलं.

मग मी बसले. फळीत सुरीने खळगा केला, खळग्यापासून कडेपर्यंत खाच पाडली, म्हणजे घासलेला भुगा तिथून खाली पडावा. खाली वाळकं पान. बाजूला खजुराच्या झाडाच्या सालीचा कोरडा काथ्या, ठिणगी झेलायला. काडी उभी धरली, दोन तळहातांत फिरवायला लागले. फिरवताना दाबायचंही असतं, म्हणून हात आपोआप खाली सरकतात. हात फळीला टेकले की परत वर न्यायचे आणि पुन्हा फिरवायचं. पहिल्या दिवशी मी दोनशे वेळा वर नेले. फळी ऊबदार झाली. ताप आलेल्या पोराच्या कपाळाइतकी. त्यावर कॉफी होत नाही.

दुसऱ्या दिवशी फोड आले. बीबी झुलेखा म्हणाली, झांजिबारला खोबरेल लावत. मी लावलं. फोड बरे झाले, पण ते तेल काडीत मुरलं आणि काडी अशी गुळगुळीत फिरायला लागली की जणू तिला आगीचा विचारच शिवला नव्हता. परवाना संपलेला. नबहानला पुन्हा अर्ज करावा लागला, 'पुरवणी संशोधन' म्हणून. नवी लाकडं दमट हवेत फुगली. एसीच्या बाहेरच्या पेटीवर गरम वारा येतो, तिथे ती वाळत घातली, तर असीलाच्या माहेरच्यांना वाटलं सासूबाईंनी काही तोडगा केलाय, आणि तिची आई तीन दिवस आमच्याकडे पाणीही प्यायली नाही.

नासिरचा सल्ला रोज एकच. आधी दोन बादल्या पाणी जवळ ठेवा. बीबी म्हणायची, "अहो, त्या पेटवतायत." तो म्हणायचा, "पेटवणारे सगळे असंच म्हणतात." आयुष्यभर विझवलेल्या माणसाकडून पेटवायला शिकणारी मी एकटीच असेन.

आणि वन्सं खोलीत पडून सगळं ऐकत होत्या.

"रहमा, काय करतेस गं?"

"मिरी कुटतेय, वन्सं."

"रोज तीन तास?"

"लोणच्याला."

"बरं. मुंबईचं काय?"

"मनगट काढलंय आता."

त्या "बरं" म्हणायच्या आणि भिंतीकडे तोंड करायच्या. त्यांच्या पाठीचे मणके कपड्यातून मोजता यायचे.

नव्या लाकडांच्या अकराव्या दिवशी धूर आला. खाचेपाशी एक केसाएवढी रेघ उठली, निळसर, आणि त्याबरोबर तो वास. कडवट, जरा गोडसर, रोजच्या दुपारचा वास. हे समोर बसल्यासारखे वाटले. मी म्हटलं आता थांबायचं नाही, हात गळून पडले तरी चालतील. तेवढ्यात भिंतीवरून एक लाल नळकांडं डोकावलं आणि माझ्यावर, फळीवर, चटईवर, लोणच्याच्या बरणीवर पांढरा फेस कोसळला. नासिरने धूर पाहिला होता. तीस वर्षांच्या नोकरीनंतर त्याचे हात डोक्याला विचारून चालत नव्हते.

बीबी झुलेखा भिंतीपलीकडे त्याला जे बोलली ते झांजिबारच्या भाषेत बोलली, म्हणून मी ते इथे लिहीत नाही. तो बिचारा रडवेला होऊन माफी मागत होता. मी तशीच बसून राहिले. केसांवर फेस, डोळ्यांवर फेस. आणि फेसाखाली मी रडायला लागले. हे गेल्यापासून अंगणात, दिवसाढवळ्या, उशीशिवाय, पहिल्यांदा. कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता.

लाकडं पुसून वाळवली आणि मी पुन्हा रोज घासत राहिले. पुढची गोष्ट इद्दतचे नऊ दिवस उरले होते तेव्हाची. डॉक्टरांनी इस्पितळातली खाट सांगून ठेवली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संना न्यायचं होतं. दुपारी मी शेवटचं म्हणून अंगणात बसले. खरं तर आग होईल असं मला वाटतच नव्हतं. नुसतं त्यांना नळी घालायच्या आधी काहीतरी करायला हवं होतं. नबहान ओट्यावर कागदपत्रं लावत होता.

दार वाजलं. वन्सं भिंतीला हात लावत लावत बाहेर आल्या. नबहान उठला, त्यांनी त्याला हातानेच बसवलं. पावलं मोजत आल्यासारख्या त्या चटईपर्यंत आल्या आणि माझ्या समोर, त्यांच्या रोजच्या जागी बसल्या. फळी चाचपली, खळगा बोटाने पाहिला.

"खळगा बरा केलायस. चिमूटभर वाळू घाल त्यात. आणि मिरी कुटायची ही पद्धत कुठली?"

"कर सुरू. दोन महिने ऐकतेय मी. तुझे हात खाली पोचतात आणि तू थांबतेस. हात वर नेतेस तेवढ्यात लाकूड गार होतं. रोज. तू खाली गेलीस की मला खोलीत हात उचलावेसे वाटतात."

"मग एकट्याने कशी करायची?"

"एकट्याने कुठे होते?"

मी फिरवायला लागले. हात खाली सरकले, फळीला टेकायच्या बेताला आले, आणि काडीच्या वरच्या टोकावर दोन वाळलेले तळहात आले. काडी थांबलीच नाही. वन्संचे हात खाली यायला लागले, मी माझे काढून वर नेले. मग त्यांचे. मग माझे. तीस वर्षं मी आत बिया भाजत होते तेव्हा या अंगणात हे चालत होतं. मला वाटायचं त्या नुसत्या सोबतीला बसतात. त्यांच्या हातांत पेला राहत नव्हता, पण काडी राहिली.

पाचव्या की सहाव्या फेरीला धूर आला. भुगा काळा झाला, पानावर साठला, आणि आत एक लाल ठिपका दिसायला लागला. वन्संनी वासावरून ओळखलं, म्हणाल्या, पुरे, काथ्यात घे, हळू फुंक. मी फुंकलं. धूर दाट झाला आणि भक्कन ज्वाळ आली. मी काटक्या लावल्या. दल्ला चढवला. भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि बीबी झुलेखाचा दबका आवाज, "खबरदार हात लावलात तर."

वन्सं ज्वाळेकडे तोंड करून बसल्या होत्या.

"कोणत्या दिवशी गेला?" त्यांनी विचारलं.

नबहानच्या हातातले कागद खाली पडले. त्याने तोंड उघडलं, बहुधा पुढचा सांधा सांगायला. मी त्याला नको म्हणून खूण केली.

"जूनमध्ये," मी म्हटलं. "गुरुवारी पहाटे. झोपेत. तुम्हाला कसं कळलं?"

"मी बिदियाहून आले तेव्हा तू दारात मला मिठी मारलीस. तुझ्या अंगाला अत्तर नव्हतं. लग्न होऊन आलीस त्या दिवसापासून तू समोर यायच्या आधी तुझं अत्तर येतं. नवरा मुंबईला गेला म्हणून कुठली बाई अत्तर टाकते?"

चार महिने आम्ही शब्द न् शब्द जपला. फोनवर कुजबुजलो, पाहुण्यांना दारातच पढवलं. आणि मी, नेमधर्म पाळणारी, रोज त्यांच्या शेजारी बिन-अत्तराची जाऊन बसत होते.

"मग बोलला का नाहीत, वन्सं?"

"नबहान इतकी मेहनत घेत होता. रोज नवीन सांधा. मला वाटलं, पोराला यातूनच धीर येत असेल तर घेऊ दे. आणि तुम्ही सांगितल्याशिवाय मी रडू कशी? घरचे म्हणतात तो जिवंत आहे. जिवंत माणसासाठी रडलं तर त्याला लागतं. मी म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. तीन दिवस तुम्ही सगळ्या गावाला त्याच्या शोकाची कॉफी पाजली असेल. ज्यांनी त्याला कधी पाहिलं नाही त्यांनाही. मला कुणी दिली नाही. म्हणून मी दुसरी कुठलीच घेतली नाही."

नबहान उठून आला आणि आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागला. हाताखाली चार माणसं असलेला माणूस. त्या त्याच्या केसांतून हात फिरवत राहिल्या.

कॉफी उकळली. शोकाची म्हणून वेलदोडा घातला नव्हता. मी कप भरला आणि त्यांच्या हातात दिला. आता सांत्वनाचे शब्द बोलायचे, पण कुणी कुणाला? त्यांचा भाऊ, माझा नवरा. तीन दिवस आलेल्या प्रत्येक माणसाने मला तेच शब्द सांगितले होते, त्यामुळे तोंडपाठ होते, तरी मला सुरुवात सापडेना.

"अल्लाह तुम्हाला धीर देवो, वन्सं," मी शेवटी म्हटलं.

"तुलाही, रहमा," त्या म्हणाल्या, आणि मग त्या रडल्या. मोठ्याने, वाळूतल्या जुन्या बायका रडतात तशा, कुणापासूनही न लपवता. भिंतीपलीकडे बीबी झुलेखाही रडायला लागली. ते सगळं होईपर्यंत कप त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरला होता. मग त्या प्यायल्या आणि कप पुढे केला. हलवला नाही. मी ओतलं. त्यांनी खजूर मागितला. पुन्हा कप पुढे आला.

थोड्या वेळाने बीबीची मान भिंतीवर आली. डोळे पुसत म्हणाली, नासिर विचारतोय, विझवायची का?

"त्याला म्हणावं," वन्सं म्हणाल्या, "अजून पिऊन झालेलं नाही."

मी दल्ला उचलला आणि पुन्हा ओतलं. मग माझाही कप भरला. संध्याकाळच्या बांगेपर्यंत आम्ही दोघी तिथे बसलो होतो, आणि दोघींपैकी एकीनेही कप हलवला नाही.